"बाई, फुकटच आहे ना?" : नागपुरातल्या वाचनालयांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
सार्वजनिक वाचनालये, नागपूर

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात धंतोलीत आपल्यापैकी ८ वाचनालयांची बैठक झाली. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सगळ्यांनी मिळून घ्यावं का, एवढाच विषय होता. महालातल्या एका वाचनालयात मी २१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले, म्हणून मलाही बोलावणं होतं. कंपनीचा तरुण आला, पडद्यावर रंगीत आलेख दाखवले आणि तिसऱ्याच मिनिटाला म्हणाला, "आमचं सॉफ्टवेअर पूर्णपणे मुक्त स्रोत आहे."

मी विचारलं, "म्हणजे त्याचा सोर्स, प्रोग्राम ज्यात लिहिलाय तो मूळ मजकूर, आम्हाला मिळेल?"

"म्याडम, सोर्स ओपनच आहे. फक्त तो आमच्या सर्व्हरवर आहे."

कोणी हसलं नाही. मी पुढचं विचारणार तेवढ्यात एक ज्येष्ठ अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, फुकटच आहे ना? मग कायले डोकं लावता?" पाठोपाठ पोहे आले आणि विषय तर्रीत बुडाला.

अध्यक्षांवर माझा राग नाही. आपल्यातली बरीच वाचनालयं अनुदानाचा हप्ता कधी येतो याकडे डोळे लावून बसतात, तिथे 'फुकट' ऐकलं की कान टवकारणारच. पण त्या दिवशी तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या गेल्या: फुकट, खुलं आणि मुक्त. पुढच्या बैठकीत निविदेचा मसुदा येणार आहे. तो येण्याआधी ही पिशवी एकदा टेबलावर उपडी करावी म्हणते.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. इंग्रजीतल्या 'फ्री'चे दोन अर्थ होतात, फुकट आणि स्वतंत्र, आणि त्यापायी तिकडच्या मंडळींनी चाळीस वर्षं डोकेफोड केली. आपल्याकडे ती अडचण नव्हती. लग्नातलं जेवण फुकट असतं, म्हणून त्याला मुक्त जेवण कोणी म्हणत नाही. पण आपण दुसऱ्या ठिकाणी ठेचकाळलो. 'ओपन'लाही आपण 'मुक्त'च म्हणतो; ओपन युनिव्हर्सिटीचं मुक्त विद्यापीठ झालं, त्याच चालीवर ओपन सोर्सचं 'मुक्त स्रोत' झालं. मग 'फ्री सॉफ्टवेअर'साठी शब्द उरला कुठे? परिपत्रकं आणि माहितीपत्रकं त्याला बिनदिक्कत 'मोफत सॉफ्टवेअर' म्हणतात. एकाच्या दारावरची पाटी दुसऱ्याच्या दारावर लागली आणि पहिल्याच्या दारावर 'येथे फुकट मिळेल' असं खडूनं लिहिलं गेलं. या पत्रापुरतं मी ओपन सोर्सला 'खुला स्रोत' म्हणते आणि फ्री सॉफ्टवेअरला 'मुक्त सॉफ्टवेअर'. फुकटाला फुकटच म्हणते.

आता मूळ भांडण. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. तिथल्या झेरॉक्सच्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम हाताशी होता तेव्हा त्यानं त्यात सोय केली होती, की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना त्यांच्या पडद्यावर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोणी देईना. ज्याच्याकडे तो होता, त्यानं गुप्ततेच्या करारावर सही केलेली होती. अडकलेला कागद काढण्यात गेलेल्या वेळापेक्षा हा नकार स्टॉलमनला जास्त झोंबला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं.

त्याची कसोटी चार स्वातंत्र्यांची आहे. मोजणी शून्यापासून, कारण सुरुवातीचं स्वातंत्र्य नंतर जोडलं गेलं. शून्यावं, प्रोग्राम हव्या त्या कामाला चालवायचं. पहिलं, तो कसा चालतो हे बघून आपल्या गरजेप्रमाणे बदलायचं. दुसरं, त्याच्या प्रती शेजाऱ्याला द्यायचं. तिसरं, आपण बदललेली प्रतही वाटायचं. यात किमतीचा शब्द नाही. मुक्त सॉफ्टवेअर हजार रुपयांना विकलं तरी ते मुक्तच राहतं. आणि फुकट उतरवून घेतलेलं एखादं सॉफ्टवेअर या चारही बाबतीत कुलूपबंद असू शकतं. आपल्या कार्यालयांतल्या संगणकांवर असली फुकट कुलपं डझनानं सापडतील.

'ओपन सोर्स' हा शब्द त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला करणार असं जाहीर केलं. पाठोपाठ ३ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं काही जण जमले आणि तिथे क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हे नाव सुचवलं. हेतू सरळ होता. 'फ्री' म्हटलं की कंपन्यांचे साहेब फुकटाच्या कल्पनेनं बिचकतात, आणि स्वातंत्र्याची भाषा केली की आणखी बिचकतात. तेव्हा गुणांवर बोलावं. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह सुरू केलं. त्यांची व्याख्या डेबियन या, लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बांधून वाटणाऱ्या गटाच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून घेतलेली, आणि डेबियन तर मुक्त सॉफ्टवेअरच्याच अंगणात वाढलेलं. म्हणजे घर एकच. चूल वेगळी मांडली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण या विषयावर तावातावानं बोलणारे ती सांगत नाहीत. दोन्ही संस्थांच्या मान्य परवान्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर जवळजवळ सगळी नावं जुळतात. जीपीएल हा स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाचा परवाना दोन्हीकडे आहे, एमआयटीचा परवाना दोन्हीकडे आहे, अपाचेचा दोन्हीकडे आहे. फरक अपवादांचा. नासाच्या एका परवान्यात अशी अट आहे की तुम्ही केलेला बदल तुमची स्वतःची मूळ निर्मिती असला पाहिजे. म्हणजे दुसऱ्याचा मुक्त तुकडा आणून त्यात जोडता येणार नाही. खुल्या स्रोताच्या मंडळींनी तो परवाना मान्य केला, मुक्तवाल्यांनी नाकारला. असली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मग भांडण कशाचं? खुल्या स्रोताचा माणूस सांगतो की सोर्स सगळ्यांनी पाहिला तर चुका लवकर सापडतात, काम स्वस्तात आणि चांगलं होतं. मुक्त सॉफ्टवेअरचा माणूस विचारतो की या संगणकावर हुकूम कोणाचा चालतो, तुमचा की प्रोग्राम लिहिणाऱ्याचा. बहुतेक दिवशी दोघांच्या हातात एकच सॉफ्टवेअर असतं आणि दोघंही खूश असतात. ज्या दिवशी बंद सॉफ्टवेअर जास्त चांगलं चालतं, त्या दिवशी दोघांची वाट फुटते. पहिला म्हणतो, चांगलं आहे तर घ्या. दुसरा म्हणतो, चांगलं असेल, पण माझं नाही.

नागपूरकराला हे कूलरवरून पटकन कळेल. आपला पत्र्याचा कूलर एप्रिलमध्ये माळ्यावरून उतरतो. वाळ्याच्या ताट्या आपण बदलतो, पंप जळला तर बर्डीवरून दुसरा आणतो, पंख्याचं पातं घासलं तर गल्लीतला मिस्त्री हातोडी मारून सरळ करतो. शेजाऱ्यानं पाण्याला जास्तीचं भोक पाडलेलं आवडलं, तर आपणही पाडतो. कोणाला विचारावं लागत नाही. आता समजा एका कंपनीनं चारी बाजूंनी काच लावलेला कूलर आणला. पंप दिसतो, वायर दिसते, पाणी कुठून कुठे जातं तेही दिसतं, सोबत नकाशाचं पुस्तक. पण दुसऱ्या कंपनीचा पंप बसवला की पंखा फिरतच नाही. हा कूलर खुला आहे ना? आहे. ४५ अंशांत तो बंद पडला, तर तुम्ही काचेतून बघत बसाल.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही, हे घडलेलं आहे. टिवो नावाचं टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं एक अमेरिकी यंत्र होतं. आत लिनक्स, सोर्स नियमाप्रमाणे दिलेला. पण तुम्ही त्या सोर्समध्ये बदल करून परत यंत्रात घातलात, तर यंत्र प्रोग्रामवरची कंपनीची डिजिटल सही तपासायचं आणि चालायला नकार द्यायचं. खुल्या स्रोताच्या व्याख्येत यात काही बिघडलं नव्हतं. मुक्तवाल्यांच्या लेखी सगळं बिघडलं होतं. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात घरगुती वापराच्या यंत्रांपुरती ही पळवाट बुजवली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा मात्र जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवरच ठेवला. यंत्र बनवणाऱ्यानं काय करावं हे परवान्यानं सांगू नये, असं त्यांचं मत. माझ्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो आणि त्यात मला नको असलेली चार ॲप काढता येत नाहीत. म्हणजे काचेचा कूलर मीही वापरतेच.

आता आपल्या घरचं.

२००६ मध्ये आमच्या वाचनालयानं पहिलं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनी कोणती ते सोडा, ती आता नाही. सॉफ्टवेअरसोबत एक निळं डाँगल मिळालं होतं, संगणकाच्या मागे खोचलेलं असलं तरच प्रोग्राम उघडायचा. ते मी रोज संध्याकाळी काढून कपाटात, अनामतीच्या पावत्यांच्या डब्यात ठेवायची, देव्हाऱ्यातल्या टाकासारखं. सहाव्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी व्होल्टेज खालीवर झालं आणि डाँगल गेलं. कंपनीचा फोन लागेना. दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्जवाला बसला होता.

पुस्तकांच्या नोंदी संगणकातच होत्या, कुठे गेल्या नव्हत्या. एका इंजिनिअरिंगच्या मुलानं खटपट करून फाइल उघडलीसुद्धा. पण आत मराठी नव्हतं. त्या काळातल्या बऱ्याच मराठी फाँटमध्ये अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. तो विशिष्ट फाँट असेल तर 'कादंबरी' दिसायची, नसेल तर डॉलरचं चिन्ह, दोन स्वल्पविराम आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. फाँट त्या प्रोग्रामच्या पोटात, प्रोग्राम डाँगलच्या कुलपात. शेवटचा दाखल अंक होता २३,४१२. आम्ही दोन मुलं लावली आणि लाल कापडी बांधणीच्या दाखल नोंदवह्या उघडून पहिल्या अंकापासून पुन्हा टंकायला बसलो. दिवाळीपर्यंत चाललं ते काम. नोंदवहीत १९६० च्या दशकातली शाई होती, तीन ग्रंथपालांची तीन वळणं होती, चुकलेल्या नोंदींवर लाल रेघ आणि बाजूला सही. एकदाही कोणाला फोन करावा लागला नाही.

दुसरा प्रसंग मुद्दाम सांगते, कारण त्यात फसवणूक नव्हती, कंपनी चांगली होती, आणि सॉफ्टवेअर खुल्या स्रोतावर बांधलेलं होतं. शहरातल्या एका दुसऱ्या वाचनालयात ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात, भंडाऱ्याकडून एक विद्यार्थिनी आली. तिनं शोधाच्या चौकटीत टंकलं, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. पडद्यावर उत्तर आलं, 'एकही नोंद सापडली नाही'. दीक्षाभूमीच्या शहरात! आणि तिच्या पाठीमागे दोन कपाटं भरून ती पुस्तकं.

कारण अगदी किरकोळ होतं. 'डॉ' लिहिताना 'ड'ला एकच चिन्ह लागतं, काना आणि चंद्र मिळून. नोंदी करणाऱ्या मुलानं आधी काना दिला होता, मग वर सुटा चंद्र. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. 'ॲ'चंही तेच, काही जण 'अ'वर चंद्र ठेवून लिहितात. ग्रंथपालांनी कंपनीला कळवलं. उत्तर नम्र होतं: "नोंद घेतली आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." कंपनीचे बाकीचे ग्राहक इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि कॉलेजं, त्यांना 'डॉ'चं काय पडलंय! ते व्हर्जन मी निवृत्त होईपर्यंत आलं नव्हतं.

त्याच वर्षी नागपूरबाहेरच्या एका छोट्या वाचनालयात हीच अडचण आली. ते कोहा नावाचं ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरत होते, स्वतःच्याच संगणकावर. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं एका दुपारी सगळ्या जुन्या नोंदींतला सुटा काना-चंद्र जोडून टाकला आणि शोधाच्या चौकटीलाही तेच शिकवलं. मग तो तुकडा पेनड्राइव्हवर घालून मला दिला. शून्यावं ते तिसरं, चारही स्वातंत्र्यं त्या एका पेनड्राइव्हमध्ये होती. तिनं कदाचित स्टॉलमनचं नावही ऐकलेलं नसेल.

कोहाबद्दल दोन शब्द, कारण निविदेत त्याचं नाव येणारच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हतं. नवं विकत घेण्याऐवजी त्यांनी ते लिहून घेतलं आणि जीपीएल परवान्याखाली जगाला देऊन टाकलं. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द आहे. अर्थ भेट, पण घेणाऱ्यानंही कधीतरी काही परत द्यावं अशा भावनेची. आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढतात, तिकडे कोहा देऊन मोकळे झाले.

आणि नेमकं इथेच आपल्या बैठकीतल्या त्या तरुणाचं वाक्य समजून घ्या. तो खोटं बोलत नव्हता. जीपीएल म्हणतं, प्रोग्रामची प्रत ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या. पण कंपनीनं कोहा घेतलं, त्यात स्वतःचे बदल केले, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं आणि आपल्याला फक्त ब्राउझरमधून वापरायला दिलं, तर प्रत आपल्याला मिळालीच नाही. मग सोर्स देण्याचं बंधनही नाही. ही फट ओळखूनच एजीपीएल नावाचा वेगळा परवाना काढला गेला; फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची त्याची आवृत्ती २००७ मध्ये आली. त्यात बदललेला प्रोग्राम नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. पण कोहावर तो नाही. म्हणजे मूळ प्रोग्राम मुक्तही आहे, खुलाही आहे, आणि तरी त्या सर्व्हरसमोर आपण पुन्हा निळ्या डाँगलपाशीच उभे.

म्हणून माझी विनंती आहे की निविदेत 'मुक्त स्रोत असावे' ही ओळ लिहून थांबू नका. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये खुल्या स्रोताला प्राधान्य देणारं धोरण आणलं, तेव्हापासून ही ओळ कुठल्याही निविदेत शोभेसाठी टाकली जाते आणि कंपन्याही शोभेसाठीच तिच्यावर बरोबरची खूण करतात. त्याऐवजी आपल्याला काय करता आलं पाहिजे ते साध्या मराठीत लिहा. कंपनीनं केलेल्या बदलांसकट पूर्ण सोर्स जीपीएलखाली आम्हाला मिळेल. तो आम्ही दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाकडून चालवून घेऊ शकू, आणि हे काम सुरू होताना एकदा प्रत्यक्ष करून दाखवावं लागेल. सगळ्या नोंदी दर महिन्याला मार्क या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात आणि संपूर्ण डेटाबेस, दोन्ही आमच्या हातात पडतील, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल असा. ॲडमिनचा पासवर्ड वाचनालयाच्या सचिवांकडे राहील. आणि आमच्यासाठी केलेली दुरुस्ती आम्ही वर्ध्याच्या, भंडाऱ्याच्या, गोंदियाच्या वाचनालयाला दिली तर कंपनी हरकत घेणार नाही. या शेवटच्या अटीला लोक सर्वांत आधी काट मारतील बघा. तीच सोडू नका. मराठीचा 'डॉ' न्यूझीलंडमधून कोणी दुरुस्त करून पाठवणार नाही.

कंपनीला पैसे द्यायला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट लिहिते. बसवणं, शिकवणं, देखभाल, रात्री नऊला फोन उचलणं, याचे पैसे जरूर द्या, चांगले द्या. ती कंपनी न आवडली तर पुढच्या वर्षी दुसरीला देता आले पाहिजेत, एवढंच.

सर्व्हर आपण कुठे ठेवणार, वीज गेली तर काय, असं कोणीतरी विचारेल आणि ते बरोबर आहे. ८ वाचनालयांपैकी ६ ठिकाणी संगणक कळणारा माणूस नाही. भाड्याचा सर्व्हर घ्या, माझी काही ना नाही. पण तो वाचनालयांच्या नावावर घ्या. भाड्याच्या घरातसुद्धा कुलपाची किल्ली भाडेकरूकडेच असते.

हे पत्र खुलं आहे. वरचा निविदेचा परिच्छेद मात्र मुक्त आहे: उचला, बदला, आपापल्या लेटरहेडवर टाका, माझं नाव लावायची गरज नाही. पुढच्या बैठकीला मी येतेय. त्या कंपनीच्या तरुणालाही बोलवा, पोरगा हुशार आहे, फक्त त्याला हे प्रश्न अजून कोणी विचारलेले नाहीत. दाखल नोंदवहीचा पहिला खंड मी सोबत आणते. पोहे त्याच्यापासून जरा लांब ठेवा.

आपली,
महालातल्या एका वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल